पंडिता रमाबाईंचे केडगाव येथील दफनस्थान

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, दौंडच्या अलीकडे, केडगाव हे स्थानक लागते. (अहिल्यानगर शहरालगतचे केडगाव ते वेगळे.) पुणे जिल्ह्यातील या गावी मुक्ती मिशन या संस्थेच्या परिसरात पंडिता रमाबाई सरस्वती यांचे दफन झाले आहे. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे येथेच निधन झाले. त्यापूर्वी जेमतेम नऊ महिने, जुलै १९२१ मध्ये, त्यांची एकुलती कन्या मनोरमा हिचा अंत झाला होता.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथे, अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी झाला. दुष्काळात मातापित्यांचे छत्र हरपल्यावर बंधू श्रीनिवास यांच्यासह पायी भ्रमंती करीत त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पती बिपिनबिहारी मेधावी यांच्या निधनानंतर १८८२ मध्ये त्या पुण्यास आल्या आणि न्या. महादेव गोविंद रानडे प्रभृती सुधारकांच्या सहकार्याने त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. पुण्यातील सुशिक्षित घरांतील स्त्रिया सभेसाठी एकत्र येऊ लागल्या, त्या या समाजामुळे. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देताना रमाबाईंनी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची गरज मांडली. १८८९ च्या मुंबई काँग्रेसला उपस्थित राहिलेल्या मोजक्या स्त्री-प्रतिनिधींतही त्या होत्या.

असे असूनही त्यांचे अंतिम स्थान पुण्यात नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे शारदा सदनातील विद्यार्थिनींच्या धर्मांतराचा वाद पेटला, तेव्हा १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनीही सल्लागार मंडळ सोडले. ज्यांनी रमाबाईंचे स्वागत केले, त्यांनीच पाठ फिरवली. या सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई मात्र त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून सुधारणेच्या इतिहासात अमर झाली.

केडगावी १८९६-९७ च्या दुष्काळातील शेकडो निराधार मुली व विधवा यांना आश्रय मिळाला. येथील छापखाना स्त्रियाच चालवीत. हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यातून बाहेर पडले.

रमाबाईंच्या नात्यातील डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास त्या १८८६ मध्ये फिलाडेल्फियात उपस्थित होत्या. आनंदीबाईंच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील दफनभूमीत आहेत.