आंद्रेआ डोरिया : अटलांटिकच्या तळाशी असलेले 'एव्हरेस्ट'

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॅन्टकेट बेटापासून दक्षिणेस सुमारे ८० किलोमीटरवर, अटलांटिक महासागराच्या तळाशी 'आंद्रेआ डोरिया' हे इटालियन प्रवासी जहाज १९५६ सालापासून उजव्या कुशीवर पडून आहे. तेथे तळाची खोली सुमारे ७३ मीटर आहे. बुडालेल्या जहाजांचा विषय निघाला की सर्वसामान्य वाचकाला प्रथम 'टायटॅनिक' आठवते. परंतु ते पावणेचार हजार मीटरहून अधिक खोल आहे आणि तेथे यंत्राच्या पोटात बसूनच जावे लागते. 'डोरिया'चे तसे नाही. पाठीवर सिलिंडर बांधलेला माणूस स्वतःच्या पायांतील फिन्स हलवीत तिथवर पोहोचू शकतो, पण जेमतेम. या 'जेमतेम'मुळेच जगभरच्या पाणबुड्यांनी त्याला खोल पाण्यातील एव्हरेस्ट असे नाव दिले आणि याच 'जेमतेम'ने आजवर डझनाहून अधिक पाणबुड्यांचे प्राण घेतले.

इटालियन लाइन या कंपनीचे हे जहाज जेनोआजवळच्या आन्साल्दो गोदीत बांधले गेले. १६ जून १९५१ रोजी त्याचे जलावतरण झाले आणि जानेवारी १९५३ मध्ये त्याने न्यूयॉर्कची पहिली सफर केली. लांबी सुमारे २१३ मीटर, वजन २९ हजार टनांच्या वर. आकाराने किंवा वेगाने ते जगात पहिले नव्हते. त्याचा लौकिक होता तो सौंदर्याचा. दुसऱ्या महायुद्धात पराभूत झालेल्या इटलीने आपल्या चित्रकारांना, शिल्पकारांना आणि मृत्तिकाशिल्पकारांना हाताशी धरून हे तरंगते कलादालन उभे केले होते. जेनोआचा सोळाव्या शतकातील नौसेनापती आंद्रेआ डोरिया याचे नाव त्याला दिले होते आणि पहिल्या वर्गाच्या दिवाणखान्यात त्याचा पुतळाही होता.

२५ जुलै १९५६ च्या रात्री न्यूयॉर्क अवघ्या काही तासांवर आले असताना दाट धुक्यात 'स्टॉकहोम' हे स्वीडिश जहाज 'डोरिया'वर आदळले. दोन्ही जहाजांवर रडार होते. दोन्हीवरील अधिकाऱ्यांना समोरचे जहाज पडद्यावर बऱ्याच आधी दिसले होते. धुक्यातही 'डोरिया'ने वेग फारसा कमी केला नव्हता. एकाने टक्कर टाळण्यासाठी उजवीकडे वळण घेतले, दुसऱ्याने डावीकडे, आणि दोघे नेमके एकमेकांच्या वाटेत आले. बर्फ फोडण्याच्या दृष्टीने मजबूत केलेले 'स्टॉकहोम'चे टोक 'डोरिया'च्या उजव्या बाजूत खोलवर घुसले. दोष कोणाचा हा वाद न्यायालयात निकाली निघाला नाही. दोन्ही कंपन्यांनी परस्पर तडजोड केली. 'डोरिया' इतके कलले की डाव्या बाजूच्या जीवनौका पाण्यात उतरविणेच अशक्य झाले. तरीही ते तब्बल अकरा तास तरंगत राहिले. त्या अवधीत 'इल द फ्रान्स' या फ्रेंच जहाजाने वाट बदलून परत येत एकट्याने ७५३ जणांना वाचविले. 'डोरिया'वरील १,७०६ जणांपैकी ४६ दगावले, 'स्टॉकहोम'वरील पाच. एक चौदा वर्षांची मुलगी झोपेत असताना 'डोरिया'वरील आपल्या खोलीतून उचलली जाऊन 'स्टॉकहोम'च्या चेपलेल्या टोकावर जिवंत सापडली, ही त्या रात्रीची सर्वाधिक सांगितली गेलेली हकीकत. २६ जुलैच्या सकाळी दहा वाजून गेल्यावर जहाज बुडाले.

पहिली बुडी

दुसऱ्याच दिवशी पीटर गिंबेल हा अमेरिकी तरुण एका सहकाऱ्यासह तेथे उतरला. जहाज तेव्हा जवळजवळ अखंड होते आणि त्याची वर आलेली डावी कड पन्नास मीटरच्या आसपास होती. गिंबेलने काढलेली छायाचित्रे 'लाइफ' साप्ताहिकात प्रसिद्ध झाली आणि पाणबुड्यांची पावले तिकडे वळली. १९६४ साली एका पथकाने नौसेनापतीचा पुतळा घोट्यापाशी कापून वर आणला. गिंबेल मात्र पुढे पंचवीस वर्षे या जहाजाने झपाटल्यासारखा राहिला. १९८१ मध्ये त्याने खोल पाण्यात दीर्घकाळ राहण्याची व्यावसायिक साधने आणली, पहिल्या वर्गाच्या प्रवेशदालनाचे दरवाजे कापून काढले आणि तिजोरी वर काढली. १९८४ मध्ये दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपणात ती उघडली तेव्हा त्यात रत्ने नव्हती. होत्या भिजलेल्या अमेरिकी व इटालियन नोटा आणि प्रवासी धनादेश. तिजोरीपेक्षा मोठा ठरला तो मागे राहिलेला मार्ग. 'गिंबेलचे भोक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या द्वारातून पुढच्या पिढीचे पाणबुडे पहिल्या वर्गाच्या भोजनगृहाच्या दिशेने, चिनी मातीच्या बशांच्या शोधात उतरू लागले.

खोलीचे गणित

तारकर्ली-मालवणला पर्यटक ज्या बुड्या मारतात त्या मोजक्याच मीटरांच्या असतात आणि काही बिघडले तर पाणबुड्या वर येऊन मोकळा श्वास घेऊ शकतो. हौशी पाणबुड्यांसाठी सर्वसाधारण मर्यादा ४० मीटरची मानली जाते. 'डोरिया' तिच्या पलीकडे आहे आणि तेथे वर येणे हा संकटातून सुटण्याचा मार्ग उरत नाही.

पाण्यात दर दहा मीटरला वातावरणाच्या दाबाइतका एकेक दाब वाढतो. सत्तर मीटरवर तो पृष्ठभागाच्या आठपट होतो. याचा पहिला परिणाम श्वासावर. माणूस मिनिटाला पंधरा ते वीस लिटर हवा घेतो असे धरले, तर त्या खोलीवर प्रत्येक श्वासात आठपट वायू जातो. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये दोनशे बार दाबाने भरलेली हवा पृष्ठभागावर दोन तास पुरेल. तळाशी ती पंधरा-वीस मिनिटांत संपते. घाबरलेला किंवा प्रवाहाशी झुंजणारा माणूस तर याच्या दुप्पट वेगाने श्वास घेतो. भीती वायू खाते आणि वायू घटला की भीती वाढते.

दुसरा परिणाम मेंदूवर. दाबाखालील नायट्रोजन गुंगी आणतो. तीस मीटरच्या पुढे ती जाणवू लागते आणि पाणबुडे तिची तुलना रिकाम्या पोटी घेतलेल्या मद्याशी करतात. साठ-सत्तर मीटरवर साध्या हवेवर असलेला मनुष्य मापकाचा काटा पाहतो, पण त्याचा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. काहींना अकारण उल्हास वाटतो, काहींना तितकीच अकारण दहशत. ज्या प्राणवायूवर आपण जगतो तोही या दाबाखाली विषारी होतो. हवेतील प्राणवायूचा अंशदाब या तळाशी सुरक्षित मानल्या जाणाऱ्या मर्यादेच्या वर जातो आणि एकाएकी आकडी येऊ शकते. पाण्याखाली आकडी म्हणजे तोंडातील नळी सुटणे.

१९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत 'डोरिया'वर बहुतेकजण साध्या हवेवरच उतरत. नंतर प्राणवायू, नायट्रोजन व हेलियम यांचे मिश्रण, म्हणजे 'ट्रायमिक्स', प्रचारात आले. हेलियमने गुंगी कमी होते, प्राणवायूचे प्रमाणही बेताचे ठेवता येते. त्याची किंमत वेगळ्या रीतीने मोजावी लागते : वायू महाग, सिलिंडर अधिक, हिशेब किचकट. सोडलेला श्वास गाळून पुन्हा वापरणारी 'रीब्रीदर' यंत्रे आली तेव्हा वायू पुरण्याचा प्रश्न पुष्कळ सुटला. पण यंत्रातील प्राणवायू कमी झाला तर माणूस कोणतीही पूर्वसूचना न मिळता शुद्ध हरपतो. साधने सुधारली तसे अधिक लोक अधिक वेळ खाली राहू लागले, हेही नमूद करायला हवे.

तिसरा हिशेब परतीचा. दाबाखाली वायू रक्तात व ऊतींत विरघळतो. पाणबुड्या झपाट्याने वर आला तर सोड्याची बाटली उघडावी तसे शरीरात बुडबुडे सुटतात. सांधे, मज्जारज्जू, मेंदू यांपैकी काहीही निकामी होऊ शकते. म्हणून तळाशी घालविलेल्या वीस-पंचवीस मिनिटांसाठी तास-दीड तास टप्प्याटप्प्याने थांबत वर यावे लागते. हे थांबे नांगराच्या दोराला धरून घ्यायचे, आणि प्रवाह जोरात असला की माणूस त्या दोरावर निशाणासारखा फडफडत राहतो. दोर सुटला तर तो उघड्या समुद्रात वाहून जातो. धुके असेल तर वरच्या नौकेला तो दिसतही नाही. ज्या धुक्याने जहाज बुडविले ते त्या भागात उन्हाळ्यात वरचेवर असते, आणि बुड्यांचा हंगामही उन्हाळ्याचाच.

आडव्या पडलेल्या घरात

पृष्ठभागावरचे पाणी जुलैमध्ये सुसह्य असते. खाली जाताना एका थराशी ते एकदम गार होते आणि तळाशी सात-आठ अंशांवर येते. बोटे बधिर झाली की साधी चाप उघडणेही जमत नाही. चांगल्या दिवशी दहा-पंधरा मीटर दिसते, वाईट दिवशी हाताच्या अंतरापलीकडे काही नाही. जहाजाच्या सांगाड्यावर मच्छीमारांची तुटलेली जाळी वर्षानुवर्षे साचली आहेत आणि नायलॉनचा बारीक दोरा तर विजेरीच्या प्रकाशातही दिसत नाही. म्हणून पाणबुडे एकाहून अधिक सुऱ्या बाळगतात, दोन्ही हातांना पोहोचतील अशा ठिकाणी.

आतली गोष्ट आणखी निराळी. जहाज कुशीवर असल्याने जमीन भिंत झाली आहे आणि भिंत छत. आडवा रस्ता खोल विहिरीसारखा होतो. दारे डोक्यावर आणि पायांखाली येतात. जहाजाचे नकाशे पाठ करून गेलेल्या माणसालाही ते मनात नव्वद अंशांनी फिरवावे लागतात, तेही गुंगीत. छतातील तारा लोंबतात आणि गळ्यात अडकतात. फिनच्या एका फटक्याने गाळ उसळतो. तो उसळला नाही तरी श्वासाचे बुडबुडे वरच्या पत्र्याला लागून गंजाचे कण खाली झडतात, आणि परतीची वाट तपकिरी अंधारात नाहीशी होते. त्यासाठी आत शिरताना दोरी सोडत जायची आणि वायूचा एक तृतीयांश भाग जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी व उरलेला केवळ संकटासाठी राखायचा, असा नियम आहे.

नियम सर्वांना ठाऊक असतो. तो मोडला जातो तो बशीपाशी. 'इटालिया' अक्षरे आणि मुकुट असलेली पहिल्या वर्गातील बशी ही या क्षेत्रातील पदकासारखी मानली गेली. आंतरराष्ट्रीय पाण्यात असल्याने तेथे उतरण्यास सरकारी मज्जाव नव्हता. दहा-बारा तासांचा समुद्रप्रवास, हजारो डॉलरांचा खर्च, हवामानामुळे हुकलेल्या आधीच्या सफरी, आणि अखेर गाळातून डोकावणारी पांढरी कड! आणखी दोन मिनिटांनी काय होणार, असा विचार त्या क्षणी होतो. हे निव्वळ लोभाचे प्रकरण म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण ते अपुरे ठरेल. 'डोरिया'वर जाऊन आलो एवढे म्हणणे त्या वर्तुळात पुरेसे नसे. पुरावा लागे, आणि बशी हा पुरावा होता.

येथील मृत्यूंची कारणे वरवर पाहता वेगवेगळी आहेत. कोणी आतच वायू संपलेल्या अवस्थेत सापडला, कोणी थांबे सोडून थेट वर आला, कोणाच्या हृदयाने साथ सोडली, काहींचे नेमके कारण कळलेच नाही. एकट्या १९९८ व १९९९ या दोन उन्हाळ्यांत मिळून पाच जण गेले. यांतील अनेकजण नवखे नव्हते. एखादी मोठी आपत्ती क्वचितच कारण ठरली. दोरी जरा अडकली, दुसऱ्या वाटेने बाहेर पडावे लागले, नांगराचा दोर सापडेना, तेवढ्यात श्वास वाढला. यांतली प्रत्येक अडचण तीस मीटरवर किरकोळ ठरली असती. येथे मात्र त्या सोडविण्यासाठी लागणारी चार-पाच मिनिटेच मुळात हिशेबात नसतात.

सगळेच बशांसाठी जात होते असे नव्हे. १९९३ मध्ये अमेरिकी न्यायालयाने जॉन मॉयर या पाणबुड्याला अवशेषांवरील हक्क दिले आणि त्याच्या पथकाने गुइदो गांबोने या इटालियन कलावंताची जड मृत्तिकाशिल्पे वर आणली. २०१० मध्ये पुढच्या भागातील घंटाही सापडली.

दरम्यान जहाज खचत चालले आहे. वरचे मजले घसरून तळाशी ढीग झाले आहेत, डावी कड पूर्वीपेक्षा बरीच खाली गेली आहे आणि ज्या वाटांचे नकाशे जुन्या पाणबुड्यांनी डोक्यात साठविले होते त्या आता राहिलेल्या नाहीत. गिंबेलने कापलेल्या दारातून भोजनगृहाकडे जाण्याचा मार्गही कोसळला. म्हणजे पूर्वी ५५-६० मीटरवर जे साधत असे, त्यासाठी आता थेट तळ गाठावा लागतो. २०१६ मध्ये 'ओशनगेट' या कंपनीने पाच माणसांच्या पाणबुडीतून ध्वनिलहरींच्या साहाय्याने पाहणी केली, तेव्हा पुढचा मोठा भाग तुटून पडल्याचे दिसले. ही तीच कंपनी, जिची 'टायटन' पाणबुडी जून २०२३ मध्ये 'टायटॅनिक'कडे जाताना पाच जणांसह नष्ट झाली. त्या अपघाताच्या चौकशीत, सप्टेंबर २०२४ मध्ये, कंपनीच्या एका माजी अधिकाऱ्याने साक्ष दिली की २०१६ च्या मोहिमेत कंपनीच्या प्रमुखाने पाणबुडी 'डोरिया'च्या कोसळलेल्या टोकाखाली अडकवून ठेवली होती.

'स्टॉकहोम'चे आयुष्य मात्र लांबले. चेपलेले टोक नव्याने बसवून ते पुन्हा समुद्रात उतरले, नावे आणि मालक बदलत राहिले आणि 'अस्टोरिया' या अखेरच्या नावाने २०२५ साली भंगारात गेले. 'डोरिया'वर आजही दर उन्हाळ्यात मोजक्या सफरी निघतात. त्यांतील काही, प्रवाह थांबण्याची वाट पाहून, एकही पाणबुडा पाण्यात न उतरविता परत येतात.