सुटीतील सहल आणि बेताच्या प्राप्तीचे घर : एक ऐतिहासिक आढावा

आपल्या मंडळाच्या वार्षिक अंकात शिष्यवृत्ती, वसतिगृह, पाठ्यपुस्तकांची पेढी, गुणवंतांचा सत्कार अशा विषयांवर दरवर्षी लेख येतात, आणि ते यावयासच हवेत. परंतु मुलांच्या शिक्षणाचे एक अंग असे आहे, की त्याचा उल्लेख कोणत्याही अहवालात आढळत नाही. ते अंग म्हणजे सुटीतील सहल. ज्या घरी महिन्याची मिळकत किराणा, घरभाडे आणि औषधपाणी यांतच संपून जाते, त्या घरी सहल ही श्रीमंतांची चैन समजली जाते. हा समज इतिहासास धरून नाही, असे मला नम्रपणे सुचवावयाचे आहे. गेल्या पावणेदोनशे वर्षांत महाराष्ट्रातील सामान्य घरचे मूल गावाची वेस ओलांडून बाहेर पडले, ते त्याच्या घरी पैसा वाढला म्हणून नव्हे. तर वाहनाचा, मुक्कामाचा आणि पाहावयाच्या स्थळाचा भार अनेकांनी मिळून उचलला म्हणून. जेथे हा भार वाटून घेतला गेला नाही, तेथे मूल घरीच राहिले. या एका सूत्राने पुढील हकीकत वाचावी, अशी वाचकांस विनंती आहे.

आगगाडी येण्यापूर्वी मुलांची सुटी म्हणजे आजोळ, जत्रा आणि वारी. आजोळी जाण्यास बैलगाडी नाही तर पायवाट, आणि बरोबर भाकरी-चटणीची शिदोरी. मुक्काम मामाच्या घरी, म्हणून राहण्या-जेवण्याचा खर्च नाही. परतताना मामा कोपरी-टोपी शिवून देई आणि पुढे भाचरे वाढविण्याची पाळी दुसऱ्या घरावर येई. जत्रेच्या गावी पाहुण्यास जेवू घालणे हे प्रत्येक घराचे कर्तव्यच मानले जाई. वारीच्या वाटेवर तर गावोगावच्या पंगती असतच. या सर्व व्यवहारात रोकड फारच थोडी लागे. नात्यागोत्याने आणि गावाने खर्च आपसांत वाटून घेतला होता, इतकाच त्याचा अर्थ. मात्र ही सोय नात्याच्या आणि जातीच्या कुंपणाआतलीच होती, हेही विसरून चालणार नाही.

दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. ते अंतर अवघे २१ मैलांचे. दहा वर्षांनी, म्हणजे १८६३ साली, बोरघाटातील मार्ग पूर्ण झाला आणि मुंबई-पुण्याचा प्रवास सलग झाला. आगगाडीने दोन गोष्टी केल्या. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात शेजारी कोण बसला आहे, त्याची जात कोणती, हे विचारण्याची सोय राहिली नाही. आणि लहान मुलास अर्धे भाडे ही रीत रूढ झाली. अर्धे तिकीट ही आज आपणांस किरकोळ बाब वाटते. परंतु चार मुलांच्या बापाला त्या अर्ध्या तिकिटानेच गाव दाखविण्याचे धाडस दिले. १९०७ साली नेरळहून माथेरानला लहान रुळांची गाडी सुरू झाली आणि तोपर्यंत साहेबांचे व धनिकांचे मानले गेलेले ते हवा खाण्याचे ठिकाण इतरांच्याही आवाक्यात आले. तिसरा वर्ग १९७४ साली रद्द झाला. अर्धे तिकीट मात्र अद्याप आहे. फरक एवढाच, की २१ एप्रिल २०१६ पासून आरक्षित डब्यात मुलासाठी स्वतंत्र जागा मागितल्यास पूर्ण भाडे पडते आणि जागा न मागितल्यास अर्धे.

वाहनानंतर प्रश्न येतो तो मुक्कामाचा. तीर्थाच्या गावी निरनिराळ्या ज्ञातींनी आपापल्या धर्मशाळा बांधल्या होत्या. आपल्या वाडवडिलांनी पै-पैशाची वर्गणी काढून अशा वास्तू उभ्या केल्या, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु ज्यांना कोणत्याच धर्मशाळेची पायरी चढू देत नसत, त्यांच्या मुलांनी पंढरपूर कसे पाहावे? या प्रश्नाचे उत्तर श्रीगाडगे महाराजांनी दिले. हाती खराटा आणि मडके घेऊन फिरणाऱ्या या पुरुषाने लोकांकडून पैसा जमवून पंढरपुरास चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधविली आणि नाशिक, आळंदी, देहू येथेही गोरगरिबांसाठी निवारे उभे केले. चोखामेळा धर्मशाळेची ती वास्तू पुढे १९४९ साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंच्या निवाऱ्यासाठी उभारलेली वास्तू विद्येच्या कामी आली, हा योगायोग नव्हे. दोन्हींचा हेतू एकच होता. त्याच १९४९ साली साने गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना पुण्याच्या साहित्य संमेलनात मांडली. भारतातील प्रांतांनी एकमेकांची भाषा शिकावी, एकमेकांस जवळून जाणावे, हा तिचा गाभा. परप्रांतीचे मूल आपल्या घरी राहिले, तर त्यास हॉटेलाचे बिल पडत नाही आणि यजमानाघरच्या मुलास घरबसल्या दुसरा देश कळतो. आजोळाचीच ही रीत, परंतु नात्याचे व जातीचे कुंपण काढून टाकलेली.

तिसरी गोष्ट प्रेक्षणीय स्थळांची. मुंबईतील राणीचा बाग १८६२ साली लोकांसाठी उघडला आणि त्याच आवारातील संग्रहालय १८७२ साली. गिरणगाव तेथून हाकेच्या अंतरावर. गिरणीत साचे चालविणारा कामगार सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन पायी तेथे जाई, ही त्या भागातील जुन्या कुटुंबांची सांगी आहे. सातारा जिल्ह्यातील औंधासारख्या आडगावी तेथील राजेसाहेबांनी १९३८ साली संग्रहालय बांधून राजा रविवर्म्याची चित्रे खेडुतांच्या मुलांस पाहावयास ठेविली. पुण्यास १९५३ साली पेशवे पार्क झाला आणि १९५६ साली तेथे फुलराणी ही छोटी आगगाडी धावू लागली. या सर्व संस्थांमागे एक गृहीत होते. वाघ पाहणे, चित्र पाहणे, झाडाखाली बसून डबा खाणे यांसाठी गरिबाच्या मुलाने आपली ऐपत सिद्ध करून दाखवावी लागू नये, हे ते गृहीत होय.

दिनांक १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आता अहिल्यानगर) या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली मोटार सुटली. शाळेच्या सहलींचे खरे युग तेव्हापासून सुरू झाले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. रेल्वे ठराविक गावांस जाई, एस. टी. डोंगराच्या पायथ्याशी आणि घाटमाथ्यावर जाऊन पोहोचली. शैक्षणिक सहलीसाठी महामंडळ निम्म्या भाड्यात गाडी देते आणि या सवलतीवर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी रायगड, प्रतापगड, वेरूळ पाहिले.

मी खेड्यांतील प्राथमिक शाळांत शिकविले. तेथील सहलीचा हिशेब कसा बसत असे, ते नव्या पालकांच्या माहितीसाठी सांगतो. गाडीभाडे निम्मे. मुक्काम वाटेवरच्या एखाद्या शाळेत. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांस आधी पत्र जाई आणि ते वर्गखोल्या झाडून ठेवीत. प्रत्येक घरून तांदूळ, डाळ, शेंगदाणे, जे पिकत असेल ते यावयाचे. पातेली गावच्या देवळातली. स्वयंपाकास दोन माता बरोबर येत, त्यांस तिकीट नसे. पाचशे पुऱ्या आणि कोरडी चटणी पहिल्या दिवसाची. अशा रीतीने रोख वर्गणी अगदी थोडी उरे. परंतु ती थोडी रक्कमही ज्या घरी नसे, त्या घरचे मूल सहलीच्या पहाटे येत नसे. दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले म्हणजे मी कारण विचारी. कोणाचे पोट दुखलेले असे, कोणाची आजी आजारी असे, कोणास गाडी लागते असे त्याच्या आईने सांगितलेले असे. पैसे नव्हते, असे छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकाही मुलाने मला सांगितले नाही. सात-आठ वर्षांचे मूल घराची अब्रू राखण्यासाठी खोटे बोलते, तेव्हा दोष त्याचा नसतो. त्याला तसे बोलावे लागेल, अशी रीत ज्यांनी घातली, त्यांचा तो दोष असतो.

यावर आमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी युक्ती योजली होती. वर्गणीचा आकडा फळ्यावर लिहावयाचा नाही. प्रत्येक मुलास बंद पाकीट द्यावयाचे. त्यात घराने घालावयाचे ते घालावे, न घातले तरी पाकीट परत आणावे. सर्व पाकिटे एकाच डब्यात. पाकिटावर नाव नाही. तूट आली तर ती गावातील सुखवस्तू घरे व शिक्षक भरून काढीत. ज्या वर्षी ही पद्धत सुरू झाली, त्या वर्षी कोणाचेही पोट दुखले नाही. मूठ-मूठ धान्य जमवून शाळा चालविण्याची मुष्टिफंडाची रीत महाराष्ट्रात व गोव्यात जुनीच आहे. हे त्याचेच धाकटे रूप.

आता वर्तमानाकडे वळू. आज रस्ते सुधारले, गाड्या वाढल्या, तरीही सामान्य घरास सहल पूर्वीपेक्षा अवघड वाटते. याचे कारण प्रवासात नाही, स्थळाच्या निवडीत आहे. गडकोट व लेण्यांची जागा जलक्रीडेच्या बागांनी आणि तिकीट लावलेल्या मनोरंजन नगरांनी घेतली. सार्वजनिक स्थळांचेही शुल्क वाढले. राणीच्या बागेत मोठ्या माणसास ५ रुपये व मुलास २ रुपये असलेले तिकीट २०१७ साली अनुक्रमे ५० व २५ रुपये झाले. आई-बाप व दोन मुले अशा कुटुंबास मिळून १०० रुपये अशी सवलत ठेविली, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. तरी पूर्वी त्याच कुटुंबास १४ रुपये पडत होते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांच्या मुलांस मिळाल्या. फी माफ झाली, मूल त्याच बाकावर बसले. परंतु सहलीची चिठ्ठी घरी आली म्हणजे तो खर्च बहुधा पालकांच्याच माथी येतो. म्हणजे वर्गात समता आणि गाडीच्या दारापाशी विषमता, असा हा प्रकार आहे.

तथापि निराश होण्याचे कारण नाही. पूर्वजांनी मिळविलेल्या सवलती बऱ्याच अंशी शाबूत आहेत. आपणांस त्यांची माहिती नाही, एवढेच. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीतील स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांस प्रवेशशुल्क नाही. अजिंठा, वेरूळ, कार्ल्याची लेणी, शनिवारवाडा ही सर्व त्यात येतात. (अजिंठ्यास फाट्यापासून लेण्यांपर्यंतच्या मोटारीचे भाडे निराळे पडते, हे ध्यानात ठेवावे.) रेल्वेने २०२० साली बहुतेक सवलती थांबविल्या, तेव्हाही विद्यार्थ्यांची सवलत चालू ठेविली. एस. टी.त पाच ते बारा वर्षांच्या मुलास अर्धे तिकीट आहे. २०२२ पासून ७५ वर्षांवरील वृद्धांस प्रवास विनामूल्य आहे आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांस निम्मे भाडे आहे. जेथे पूर्ण तिकीट १०० रुपये पडते, तेथे बाप, आई, दोन लहान मुले आणि पंचाहत्तरी ओलांडलेली आजी असे पाच जणांचे कुटुंब ५०० नव्हे, तर २५० रुपयांत पोहोचते. आठवड्यास १० रुपये डब्यात टाकले, तर जूनपासून डिसेंबरअखेर २८-३० आठवड्यांत एका बाजूचे हे भाडे घरातच जमते. परतीचा भार कोणी उचलावा, याचा विचार मंडळाने करावा.

या संदर्भात कार्यकारिणीपुढे तीन सूचना ठेवितो. पहिली, शिष्यवृत्ती निधीतून लहानशी रक्कम वेगळी काढून सहल निधी करावा. तो पालकांस न देता थेट शाळेत भरावा आणि लाभार्थींची यादी अहवालात अथवा या अंकात छापू नये. गुणवंतांची नावे अवश्य छापावीत. गरजूंची छापू नयेत. दुसरी, आपले सभागृह विवाहाचे मुहूर्त नसतील त्या दिवशी बाहेरगावच्या शाळांच्या सहलींस मुक्कामासाठी विनामूल्य द्यावे आणि मुलांची जात विचारू नये. आपल्या वडिलांनी धर्मशाळा ज्ञातीपुरती बांधली, ती त्या काळची दृष्टी होती. आज आपण ती वाढविली तर त्यांच्या पुण्याईत भरच पडेल. तिसरी, मंडळाची स्वतःची वार्षिक सहल काढताना वर्गणी बंद पाकिटातून घ्यावी.

या कामास मोठा पैसा लागत नाही, व्यवस्था लागते, आणि व्यवस्था करणारी माणसे आपल्यात पुष्कळ आहेत. येत्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत या सूचना घ्याव्यात आणि दिवाळीच्या सुटीपूर्वी त्यांचा निर्णय लागावा, अशी कार्यकारिणीस व समस्त ज्ञातिबांधवांस माझी नम्र विनंती आहे.