रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप आणि चांद्याचा भूगोल

भूगोल हे एक शास्त्र आहे, की दोन शास्त्रे एका नावाखाली नांदत आहेत, हा वाद जुना आहे. खडक, नद्या, माती व हवामान यांचा विचार करणारा प्राकृतिक भूगोल एका बाजूस, तर वस्ती, शेती, भाषा व चालीरीती यांचा विचार करणारा मानवी भूगोल दुसऱ्या बाजूस, अशी वाटणी विद्यापीठांतील अभ्यासक्रमांच्या अंगवळणी पडली आहे. इंग्लंडमध्ये हॅल्फर्ड मॅकिंडर यांनी १८८७ साली रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीपुढे निबंध वाचून निसर्गविज्ञाने व मानव्यविद्या यांमधील दरी भूगोलाने सांधली पाहिजे, असे प्रतिपादन केले. परंतु त्याच्या चाळीस वर्षे आधीपासून नागपुरात राहून एक अभ्यासक ही दोन्ही कामे स्वतःच्या हातांनी करीत होता. भूगोलाचा प्राध्यापक ही पदवी त्यास कधी मिळाली नाही. तसे पदच त्या वेळी या देशात नव्हते. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे त्या अभ्यासकाचे नाव. त्यांचे कार्य कोठवर पोचले व कोठे थांबले, हे पाहिले असता उपर्युक्त वादाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

हिस्लॉप यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. १८४५ च्या आरंभी स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून ते नागपुरास आले. त्या वेळी नागपुरावर भोसल्यांचे राज्य होते. ते १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांताची स्थापना झाली. हिस्लॉप यांनी मराठी आत्मसात केली आणि १८४६ मध्ये शाळा काढली. त्यांच्या नावाने पुढे १८८३ साली निघालेले महाविद्यालय नागपुरात सर्वपरिचित आहे. मात्र शिक्षण व धर्मप्रचार यांच्याबरोबरच त्यांच्या फेरफटक्यांतून आणखी दोन उद्योग वाढत गेले : एक दगडांचा व दुसरा शब्दांचा.

या दोन्ही उद्योगांना नागपूरचे स्थान विलक्षण अनुकूल होते. नागपूरच्या पश्चिमेस दख्खनच्या काळ्या कातळाचा विस्तार संपत येतो, पूर्वेस अतिप्राचीन स्फटिकमय खडक सुरू होतात, आणि या दोहोंमध्ये वालुकाश्माचे थर उघडे पडतात. हेच थर दक्षिणेकडे वर्धा नदीच्या खोऱ्यात चांद्याच्या कोळशासह आढळतात व पुढे प्राणहितेच्या काठाने सिरोंच्यापर्यंत जातात. भाषांचा नकाशाही असाच सीमेवरचा आहे. मराठीचा विस्तार पूर्वेकडे विरळ होत जातो, गोंडी व माडिया यांचे क्षेत्र सुरू होते, दक्षिणेस तेलुगू भेटते आणि ईशान्येस छत्तीसगढी. ज्याला सीमारेषांचे कुतूहल आहे, त्याला यापरते क्षेत्र सापडणे कठीण.

सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह हिस्लॉप यांनी नागपूरच्या परिसरातील कातळाच्या दोन थरांमध्ये सापडणारे गोड्या पाण्यातील शिंपले, वनस्पती व कीटक यांचे जीवाश्म गोळा केले. या दोघांचा नागपूर परिसराच्या भूस्तरांविषयीचा निबंध १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. नागपूरच्या दक्षिणेस असलेल्या मांगली येथील एका उभयचराची कवटी त्यांच्यामार्फत विलायतेस गेली. रिचर्ड ओवेन यांनी त्याच वर्षी तिचे वर्णन करून त्या प्राण्यास 'ब्रॅकिऑप्स' हे नाव दिले. प्राणहितेच्या खोऱ्यातील मालेरी येथे मिळालेल्या एका माशाच्या दातांना टॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ मध्ये हिस्लॉप यांच्या नावावरूनच संज्ञा दिली. याहून महत्त्वाचा त्यांचा एक छोटा निबंध आहे. उमरेठचा कोळसा, नागपूरचे वनस्पतिजीवाश्म असलेले थर आणि शेकडो मैलांवरील बर्दवानचा कोळसा हे परस्परसंबद्ध आहेत, असे त्यांनी त्यात मांडले. दूरदूरच्या ठिकाणी सापडणारी पानांची छापे तुलनेस घेऊन त्यांच्यामागील एकत्व शोधावयाचे, ही ती पद्धती होय.

हीच पद्धती त्यांच्या दुसऱ्या कामातही दिसते. गोंडी, कोलामी, माडिया इत्यादी बोलींतील शब्द त्यांनी शेजारशेजारच्या रकान्यांत मांडले. एका रकान्यातील शब्दाजवळ दुसऱ्यातील शब्द ठेवला की आप्तसंबंध आपोआप बोलू लागतो. गोंडीत पाण्यास 'एर' म्हणतात आणि तेलुगूत 'एरु' म्हणजे नदी. शेजारच्या मराठीत मात्र या शब्दाचा सगासोयरा नाही. रॉबर्ट काल्डवेल यांचे द्राविडी भाषांचे तौलनिक व्याकरण १८५६ साली निघाले होते. त्याच दशकात नागपुरात हे रकाने भरले जात होते. याखेरीज परधानांच्या तोंडून ऐकलेली लिंगोची प्रदीर्घ गाथा हिस्लॉप यांनी मूळ गोंडीत उतरवून घेतली. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. त्यांच्या मुखी असलेले हे वाङ्मय लेखनात येण्याचा हा अगदी आरंभीचा प्रसंग होय.

या सामग्रीला अंतिम रूप देण्यास मात्र हिस्लॉप उरले नाहीत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी, नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना, बोरीजवळ पावसाने फुगलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा अंत झाला. मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी त्यांची टिपणे संपादून १८६६ मध्ये नागपुरातून प्रसिद्ध केली. ग्रंथकाराने स्वतः न तपासलेला हा ग्रंथ आहे, हे तो वापरताना विसरता कामा नये. त्यांच्या भूशास्त्रीय निष्कर्षांतही काळाने दुरुस्ती केली आहे : कातळातील ज्या थरांना ते तृतीयक युगात घालीत होते, ते आज खडूयुगाच्या अखेरचे, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे मानले जातात.

तथापि खरी उणीव वयाच्या या चुकीत नाही. हिस्लॉप यांच्या ठायी दोन्ही अभ्यास एकत्र होते, पण त्यांच्या लेखनात ते एकमेकांस भेटले नाहीत. दगडांचे निबंध लंडनला गेले, शब्दांचे कागद नागपुरात राहिले. त्यानंतरच्या सरकारी लेखनाने ही फारकत कायम केली. मेजर ल्यूसी स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा १८६९ चा अहवाल असो, की १९०९ चे जिल्हा गॅझेटिअर असो, भूमीचे वर्णन एका प्रकरणात व लोकांचे दुसऱ्यात. दोन्ही प्रकरणे मोलाची. पण शेजार म्हणजे संबंध नव्हे.

या फारकतीचे सर्वांत मोठे उदाहरण एका नावात साठलेले आहे. हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये कोळशाच्या या स्तरसमूहास 'गोंडवन' हे नाव दिले. ओटो फाइस्टमांटेल यांनी १८७६ मध्ये ते छापील लेखनात आणले. आणि एडुआर्ट झ्यूस यांनी १८८५ मध्ये त्यावरून एका लुप्त महाखंडास 'गोंडवनलँड' म्हटले. 'वन' असताना 'लँड' ही पुनरुक्ती झाली, हे झाले व्याकरणाचे. गंभीर गोष्ट अशी की, गोंड स्वतःस 'कोइतूर' म्हणवितात; 'गोंड' हे इतरांनी दिलेले नाव. म्हणजे एका जनसमूहाचे परक्यांनी ठेवलेले नाव अंटार्क्टिकापर्यंत पोचले, पण भूशास्त्राच्या पुस्तकात त्या जनसमूहाचा मागमूस उरला नाही.

मग खरा सांधा कसा असतो? त्याचे उत्तर चांद्याच्याच भूमीत आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात स्फटिकमय खडकांवरील उंचसखल जमिनीत पाणी अडविणे साधते. म्हणून तेथे तलाव झाले, तलावांमुळे भात आला, आणि तलाव बांधण्यात निष्णात असलेला कोहळी समाज तेथे स्थिरावला. पश्चिमेकडील वर्धेच्या खोऱ्यात काळी माती ओल धरून ठेवते; तेथे कापूस व ज्वारी पिकली. खडक, पाणी, पीक, जात व बोली यांची ही साखळी आहे; तिचा कोणताही एक दुवा काढला की उरलेले नुसते यादीवजा होतात. महाराष्ट्राच्या विद्यापीठीय भूगोलात ही प्रादेशिक दृष्टी डॉ. चं. धुं. देशपांडे यांच्या पश्चिम भारताविषयीच्या १९४८ च्या आणि महाराष्ट्राविषयीच्या १९७१ च्या इंग्रजी ग्रंथांनी रुजविली.

हा प्रश्न केवळ अभ्यासक्रमाच्या आखणीचा नाही. १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात सुरजागडचा डोंगर भूशास्त्राच्या नकाशावर लोहखनिज म्हणून दाखविला जातो, तर तेथील माडियांच्या दृष्टीने ते देवस्थान आहे. याच जिल्ह्यात मेंढा-लेखा या गोंड गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क सिद्ध करताना नाला, टेकडी व कुरण यांची सीमा आणि त्यांची गावच्या बोलीतील नावे ही दोन्ही माहीत असावी लागतात. एकच नकाशा जाणणाऱ्याचे वर्णन अपुरे राहते आणि त्यावर बेतलेला निर्णयही.

हिस्लॉप यांनी हे दोन नकाशे एकावर एक ठेवले नाहीत. तेवढे आयुष्य त्यांना लाभले नाही, आणि कदाचित त्या काळी तशी दृष्टीही नव्हती. परंतु दोन्ही नकाशांसाठी लागणारी साधने एकाच माणसाने, एकाच पायवाटेने फिरून गोळा करता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. पदव्युत्तर विद्यार्थ्याने चांद्याच्या पूर्वेस क्षेत्राभ्यासास जाताना हातोडीबरोबर शब्दसूचीही न्यावी, हा त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या कार्याचा सर्वांत पुरा धडा होय.