आवृत्ती-क्रमांकाचं शेपूट कापू नका

प्रबंधात आपण सहज लिहून जातो, ‘डेबियनवर ओपनएसएसएल ०.९.८सी वापरलं.’ वाक्य नीटनेटकं आहे. पण एवढ्यावरून तुमचा प्रयोग दुसऱ्या कुणाला पुन्हा करता येईल का? डेबियनच्याच इतिहासातलं एक प्रकरण पाहा.

डेबियनच्या पॅकेज-क्रमांकात शेवटच्या जोडरेघेआधीचा भाग मूळ प्रकल्पाचा असतो, नंतरचा डेबियनचा. म्हणजे ०.९.८सी-१ म्हणजे मूळ कोड ०.९.८सी आणि त्यावरचं डेबियनचं पहिलं पॅकेज. सप्टेंबर २००६ मध्ये याच पॅकेजात डेबियनने केलेला एक बदल आला आणि यादृच्छिक संख्या बनवताना प्रोसेस-क्रमांकाखेरीज जवळपास काहीच मिसळेनासं झालं. परिणाम? एका प्रकारच्या, एका लांबीच्या गुप्त किल्लीसाठी फक्त सुमारे ३२ हजार शक्यता उरल्या. मे २००८ मध्ये हे जाहीर झालं. ‘एट्च’ या स्थिर प्रकाशनासाठी दुरुस्त पॅकेज आलं: ०.९.८सी-४एट्च३.

आता गंमत बघा. मूळ ०.९.८सी मध्ये हा दोष नव्हताच. -१ मध्ये होता. -४एट्च३ मध्ये तो काढलेला होता. तुमच्या वाक्यात मात्र तिन्ही एकच! स्थिर प्रकाशनात मूळ आवृत्ती सहसा बदलत नाहीत, फक्त दुरुस्ती मागे आणून जोडतात. त्यामुळे खरी माहिती शेपटातच राहते.

या शेपटालाही इतिहास आहे. प्रकाशनांची नावं ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातल्या पात्रांची. २००५ मध्ये सार्ज आलं, २००७ मध्ये एट्च. पण आवृत्त्यांची तुलना करताना संगणक अक्षरं रोमन वर्णक्रमाने लावतो, आणि त्यात ‘एस’ येतं ‘ई’च्या नंतर. आधीचा क्रमांक सारखाच असेल तर जुन्या सार्जचं पॅकेज नव्या एट्चच्या पॅकेजपेक्षा नवीन ठरणार! म्हणून पुढे नावाऐवजी आकडा आला: +डेब७यू१, म्हणजे सातव्या प्रकाशनातली पहिली दुरुस्ती. आकड्यांची तुलना संख्या म्हणून होते, त्यामुळे ९ नंतर १० बरोबर बसतो.

थोडक्यात, हा क्रमांक नुसतं नाव नाही. कोण आधी, कोण नंतर आणि कुणी हात लावला, याची ती नोंद आहे. तेव्हा ‘डीपीकेजी’ दाखवतं तो अख्खा क्रमांक जसाच्या तसा उतरवून घ्या, आणि प्रयोग केला त्याच दिवशी. कारण २००८ मध्ये पॅकेज दुरुस्त झालं तरी आधी बनलेल्या किल्ल्या कच्च्याच राहिल्या. त्या शोधून बदलाव्या लागल्या. तुमच्या विदेचंही तसंच आहे. आज अपडेट केलं म्हणून कालचे निष्कर्ष आपोआप दुरुस्त होत नाहीत.