अडलेल्याची पोथी

नामपूरचा मोसमकाठ हा फड पद्धतीचा मुलूख. नदीत आडवा बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे पाडलेले फड आणि एका फडात सर्वांनी मिळून घ्यावयाचे एकच पीक, अशी ही बागलाणातली व धुळ्याकडली काही शतकांची व्यवस्था. पुढे विहिरी आल्या, धरणे झाली, आणि पुष्कळ ठिकाणी ती मोडली. बंधारा कोणा एकाच्या मालकीचा नसे. गाळ काढावयाचा तो सर्वांनी. पण पाणी कोठे किती वेळ सोडावे, पाट कोणत्या वळणावर फुटतो, हे बारकावे पाटकऱ्याच्या डोक्यात असत. तो थकला, की नव्या माणसाला पहिल्यापासून शिकणे आले. वस्तू सर्वांची, पण ती चालवावी कशी हे चारचौघांनाच ठाऊक!

नेमकी हीच अडचण आपल्या काळात संगणकाच्या क्षेत्रात उभी राहिली आहे. संगणकाला काम सांगणाऱ्या आज्ञांच्या संचाला सॉफ्टवेअर म्हणतात, हे आता घरातल्या मुलांनाही ठाऊक असते. त्यांपैकी ज्याच्या मूळ आज्ञा कोणीही वाचाव्या, बदलाव्या, दुसऱ्यास द्याव्या अशी मोकळीक असते, ते ओपन सोर्स. पण दार सताड उघडे असून आत दिवा नसला, तर पाहुण्याने जावे कोठे? दिवा म्हणजे माहितीपुस्तिका. त्या पुस्तिकांचा इतिहास आम्हाला सॉफ्टवेअरच्या इतिहासाहून अधिक मनोरंजक वाटतो.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनी युनिक्स ही प्रणाली रचली आणि 3 नोव्हेंबर 1971 ह्या तारखेची तिची पहिली पुस्तिका लिहिली. युनिक्स आजच्या अर्थाने मुक्त नव्हते. पण पुस्तिकेचा पायंडा तेथे पडला. प्रत्येक आज्ञेच्या माहितीखाली तिच्या कर्त्याचे नाव असे, आणि 'दोष' असे एक सदरही असे. आपल्या मालाचे दोष स्वतःच छापणारा दुकानदार आपण कोठे पाहिला आहे काय? गंमत अशी, की दोष लिहावयास बसले म्हणजे पुष्कळदा तो लिहिण्यापेक्षा दुरुस्त करून टाकणेच बरे वाटते. पुस्तिका अशी उलटून प्रणालीलाच सुधारते.

सप्टेंबर 1983 मध्ये रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी ग्नू ह्या मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. मुक्त प्रणालीतील मोठी उणीव आज्ञावलीत नसून चांगल्या मुक्त पुस्तिकांच्या अभावात आहे, असे त्यांनी पुढे आग्रहाने मांडले. आज्ञा बदलण्याची मुभा आणि तिचे वर्णन बदलावयास मात्र बंदी, हे चालावे कसे? म्हणून 2000 साली पुस्तिकांसाठी निराळा परवाना आला. पण त्यातही काही भाग अपरिवर्तनीय ठेवण्याची सोय होती. त्यावरून वाद पेटला, आणि 2006 साली डेबियनच्या मंडळींनी मतदान करून ठरविले, की असे बांधलेले भाग असलेली पुस्तिका आम्ही मुक्त मानणार नाही.

हा वाद वाचताना आम्हाला पैठणचे नाथ आठवले. शके 1506, म्हणजे 1584 साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, आणि ह्यापुढे कोणी आपल्या पदरची ओवी त्यात घालू नये असे बजावले. ग्रंथ पुरा झालेला होता, कर्ता समाधिस्थ होता. नाथांचे योग्यच होते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. त्याची नवी आवृत्ती निघते, आणि काल अचूक असलेले पान आज वाट चुकविते. तेथे बंदी घालणाऱ्यापेक्षा चूक दाखविणारा हवा.

आता हा चूक दाखविणारा कोण? जाणकार नव्हे. एका पुस्तिकेत 'प्रथम नेहमीप्रमाणे प्रणाली सुरू करावी' असे वाक्य होते. त्यातल्या 'नेहमीप्रमाणे'पाशी आमची एक सबंध दुपार गेली. लिहिणाऱ्याला ते नेहमीचे. आमचा तर तो पहिलाच दिवस!

ह्या अडलेल्या माणसाला मानाचा पाट दिला तो आपल्याच महाराष्ट्रात. पवईच्या आयआयटीत रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य ह्यांनी 2010च्या सुमारास केंद्र सरकारच्या साहाय्याने 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम उभा केला. सुमारे दहा दहा मिनिटांचे बोलते पाठ. विषय मुक्त सॉफ्टवेअरचे. आधी दोन रकान्यांची संहिता लिहावयाची: एकात पडद्यावर काय दिसते ते, दुसऱ्यात काय बोलावयाचे ते. मग ती तो विषय न येणाऱ्या नवशिक्याच्या हाती द्यावयाची. तो अडला, तर संहिता नापास, नवशिक्या नव्हे! तो पार पडला म्हणजेच ध्वनिमुद्रण.

पुढे हे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलू लागले. पडद्यावरची अक्षरे इंग्रजीच ठेवली, कारण नोकरीच्या ठिकाणी तीच दिसणार. समजावणे मात्र आपल्या भाषेत. पाठ उतरवून घेऊन इंटरनेटवाचूनही पाहता येतात, ही खेड्यातल्या विद्यार्थ्याची मोठीच सोय. मराठी निवेदकाचे काम मात्र दिसते तेवढे सोपे नाही. त्याच्या कागदावर वाक्यापुढे वेळ लिहिलेली असते. वाक्य लांबले, की बोलणारा अजून मागच्याच चौकटीत आणि पडद्यावरचा बाण पुढच्या चौकटीत पोचलेला!

आणि हे काम एकदा करून संपत नाही. लिब्रे ऑफिस ह्या लेखनादी कामांच्या प्रणालीचे आरंभीचे पाठ 3.3.4 ह्या आवृत्तीवर बेतलेले होते. पुढे पडदा बदलला आणि 6.3 साठी पाठ नव्याने रचावे लागले. अशा वेळी जुने निवेदन नव्या चित्रावर बसत नाही. निवेदकाने कागद पुन्हा पुढे ओढावयाचा, वेळेच्या रकान्यात नवे आकडे भरावयाचे, आणि पहिल्या वाक्यापासून पुन्हा बोलावयास लागावयाचे.