लाल शाईतली वजाबाकी

छेद सारखे असतील तर अंशांची वजाबाकी करायची, छेद तोच ठेवायचा. शाळेत हा नियम एका ओळीत उरकतो. पण आधी कितीतरी काळ तो नुसता कच्च्या कामात राहत होता.

आहमेस या इजिप्शियन लेखनिकाने इ.स.पू. 1550 च्या सुमारास नकलून काढलेल्या गणिताच्या गुंडाळीला आज ऱ्हाइंड पपायरस म्हणतात. इजिप्तमध्ये 2/3 सोडला, तर अंशस्थानी 1 असलेलेच अपूर्णांक लिहीत. या गुंडाळीतलं 21 वं उदाहरण असं: 2/3 आणि 1/15 यांची बेरीज पूर्ण 1 व्हायला किती कमी पडतं? लेखनिक 15 आधाराला घेतो. 2/3 चे 10, 1/15 चा 1, मिळून 11. पंधरातून अकरा गेले, उरले चार. अशा मदतीच्या संख्यांसाठी तो लाल शाई वापरी. ही समच्छेद वजाबाकीच आहे! पण 4/15 लिहायची सोयच नसल्याने उत्तर 1/5 आणि 1/15 असं फोडून द्यावं लागतं.

भारतात या कच्च्या कामाचा नियम झाला, आणि मला हे मोठं पाऊल वाटतं. ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त आधी छेद सारखे करून मग अंशांची बेरीज-वजाबाकी करायला सांगितलं. भास्कराचार्यांच्या 1150 च्या 'लीलावती'त तर गोड उदाहरण आहे. सख्याला विचारलंय: 1/5, 1/4, 1/3, 1/2 आणि 1/6 यांची बेरीज सांग, आणि ती तिनातून वजा केली तर काय उरेल तेही लवकर सांग. सगळ्यांचा छेद 60 केला की बेरीज 87/60. तीन म्हणजे 180/60. उरले 93/60, म्हणजे 31/20.

तेव्हा अंश वर, छेद खाली लिहीत; मधली रेघ नव्हती. ती बाराव्या शतकात मघरेबच्या, म्हणजे वायव्य आफ्रिकेतल्या, अल-हस्सार या गणितज्ञाच्या लेखनात दिसते.

मुलं अजूनही छेदातून छेद वजा करतात. 5/8 − 2/8 चं उत्तर 3/0 येतं. शून्य छेदाच्या अशा राशीला भास्कराचार्यांनी 'खहर' म्हटलं होतं, तेव्हा ही चूक फळ्यावर मांडून तिच्यावर वर्गात बोलावं, इतकी मोलाची आहे.

1957 मध्ये दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे होते. बारा आण्यांतून पाच आणे, म्हणजे 12/16 मधून 5/16, गेले की सात आणे उरत. सोळांतून सोळा वजा करायचं बाजारात कुणाच्या मनातही येत नसे.