साखरखेर्ड्याचे दप्तर आणि धरणीकंप

सन १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या रणात निजामउल्मुल्काने हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान याचा पाडाव केला, विजयाप्रीत्यर्थ गावास फत्तेखेर्डा हे नाव दिले, आणि त्याच विजयावर दख्खनमधील आपल्या स्वतंत्र सत्तेचा पाया घातला. त्यामुळे सिंदखेडराजा तालुक्यातील हे गाव इतिहासाच्या दप्तरात कायमचे दाखल झाले. फौजा, मोहिमा, महसूल, वतने यांचा तपशील पूर्वजांनी आस्थेने लिहून ठेवला. परंतु ज्या भूमीसाठी हे सारे झाले, तिच्या स्वतःच्या कंपाची बाब त्या कागदांत विरळाच. हे पठार कठीण काळ्या पाषाणाचे. शेजारचे लोणारचे विवरसुद्धा आकाशातून कोसळलेल्या अशनीने खोदलेले, भूगर्भाच्या क्षोभाने नव्हे. दख्खन अचल आहे, ही श्रद्धा येथे सहज रुजली.

१८९७ च्या आसामच्या प्रलयंकारी भूकंपानंतर हिंदुस्थानात भूकंपाचे वेध यंत्राने घेण्यास आरंभ झाला, आणि मुंबईस कोलाब्याच्या वेधशाळेत भूकंपमापक आला. जमीन हलली तरी जडत्वामुळे लंबक क्षणभर जागीच राहतो, आणि त्या दोहोंतील अंतर कागदावर उमटते. प्रथम वेगवान प्राथमिक लहर, मागून दुय्यम लहर येते, त्यांच्यामधील काळावरून कंपाचे अंतर, आणि तीन ठाण्यांच्या नोंदींवरून त्याचे स्थान निश्चित करता येते. १४ मार्च १९३८ रोजी वऱ्हाडच्या उत्तरेस सातपुड्यात मोठा कंप झाला, तेव्हाच दख्खन अचल असल्याच्या श्रद्धेस धक्का बसावयास हवा होता.

खरा धडा कोयनेने दिला. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागल्यावर परिसरात बारीक कंप जाणवू लागले, म्हणून १९६३ पासून तेथे वेधयंत्रे बसविण्यात आली. त्यामुळे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले तेव्हा त्या अनर्थाची आधीची वाटचाल लेखी स्वरूपात उपलब्ध होती, आणि जलाशयाचा भार व खडकांच्या भेगांत मुरणाऱ्या पाण्याचा दाब आधीच ताणलेल्या भूस्तरास कसा चाळवतो, याचा अभ्यास जगभर येथील नोंदींच्या आधारे होऊ लागला. किल्लारी गावास वेधयंत्रांचा असा शेजार लाभला नाही. १९९२ मध्ये तेथे कंपांची मालिका झाली होती; तरी भूकंपाच्या धोक्याच्या तत्कालीन नकाशात तो मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर निजलेली हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंती व माळवदांखाली गाडली गेली. पुढे तो सर्वांत सौम्य पट्टाच नकाशातून रद्द झाला.

लंबकाच्या आधीचा काळ मात्र कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. तिथी-प्रहरासह तो कागदांतच सापडू शकतो. म्हणून साखरखेर्ड्यात, सिंदखेडात, वऱ्हाडातील कोणत्याही घरी वा देवस्थानी जुनी किर्द, टिपण अथवा रोजनिशी असेल, आणि तीत धरणीकंपाची तिथी व प्रहर यांची एखादी ओळ असेल, तर ती रद्दीत जाऊ देऊ नये; तिची नक्कल अभ्यासकांच्या हाती पोहोचवावी.